न चाखलेला बाकलावा

“देवासाठी केलेलं आधी चाखायचं नसतं, त्याला आपल्यावर विश्वास टाकावाच लागतो,” असं सुलक्षणा टिपणीस एकदा म्हणाली होती.

कार्डिफच्या उत्तरेकडच्या मराठी घरांचा मिळून एक गणपती बसतो. त्याच्या तयारीची मीटिंग नीना वर्तकच्या घरी भरली होती. चहा झाला होता, हॉल ठरला होता, आणि डॉक्टर जयंत मोकाशी नेहमीप्रमाणे सुलक्षणाच्या वाटेला गेले होते. मोकाशी भुलीचे डॉक्टर म्हणून रिटायर झाले आणि तेव्हापासून त्यांनी कुणालाही डुलकी घेऊ दिलेली नाही.

“वहिनी, एवढे ट्रे भरून बाकलावा करता आणि एक तुकडा तोंडात टाकून बघत नाही? आम्ही इंजेक्शनच्या आधीसुद्धा सुईतून थेंबभर औषध उडवून बघायचो.”

तेव्हा ती ते वाक्य म्हणाली.

“आणि समजा बिघडला तर?”

“तर देव तुमच्यासारखा बोलून दाखवणार नाही, जयंतभाऊ.”

सगळे हसले. सुलक्षणाही हसली. त्या हसण्याखाली एक गोष्ट नीट झाकली गेली. चाखून तिला काहीच कळलं नसतं.

कोविडच्या दुसऱ्या हिवाळ्यात तिचं नाक गेलं. ताप चार दिवसांत उतरला, खोकला महिनाभर रेंगाळला आणि गेला, पण वास परत आला नाही. ओळखीच्या इतरांचा आला. कुणाचा आधी कॉफीचा आला, कुणाचा साबणाचा, आणि फोनवर त्याचे आनंदसोहळे झाले. सुलक्षणा प्रत्येकाला ‘बरं झालं बाई’ म्हणाली. कुणी विचारलं तर ‘माझाही आला’ म्हणाली. जिभेवर गोड कळे, पण ते गुळाचं, साखरेचं की मधाचं ते कळेना. आंबट, खारट, कडू आपापल्या जागी होते. त्यांना नावं होती, गावं नव्हती.

तिने हे कुणालाही सांगितलं नाही. त्याला कारण होतं. सुहासिनीताई गद्रे हॉलच्या दारात दर वर्षी रांगोळी काढायच्या. एका वर्षी त्यांचा हात थरथरला आणि मोराची मान वाकडी आली. कुणी टोचून बोललं नाही. उलट चार जणी धावल्या. “ताई, तुम्ही खुर्चीत बसा, आम्ही करतो.” तेव्हापासून सुहासिनीताई खुर्चीत बसतात. त्यांना पहिला चहा मिळतो, पहिला प्रसाद मिळतो, सगळ्या वाकून नमस्कार करतात. रांगोळी मात्र आता प्लास्टिकचा साचा ठेवून काढतात. त्या खुर्चीकडे सुलक्षणाला बघवत नसे.

ती ठाण्याच्या कायस्थांच्या घरातली. आईच्या हातचे खाजाचे कानवले नात्यागोत्यात नावाजलेले. पातळ लाटलेल्या पोळ्या एकावर एक, मध्ये तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा, मग घट्ट गुंडाळी, मग तिचे काप, मग पुन्हा हलक्या हाताने लाटणं. तळणीत पडला की कानवला क्षणभर गप्प राही आणि मग त्याचे पदर एकेक करून सुटत. आई कढईशी उभी राहून फक्त तेवढंच बघायची. पदर सुटले की तिच्या खांद्यातला ताण जाई. सुलक्षणाला स्वयंपाकातलं पहिलं काय आठवतं असं विचारलं तर ती आईचे खांदे सांगेल.

राजीवशी लग्न होऊन ती कार्डिफला आली ती ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. तो रेडिओलॉजिस्ट. आयुष्यभर अंधाऱ्या खोलीत बसून त्याने माणसांच्या आतल्या सावल्या पाहिल्या आणि त्यांचे अहवाल दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवले. माणसाच्या तोंडावर सांगायची वेळ त्याच्यावर जवळजवळ आलीच नाही. सुलक्षणाची नोकरी नेमकी उलट. इथे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात. तशा एका सर्जरीत ती रिसेप्शनला होती. काचेपलीकडून माणसं येत आणि तोंडाने म्हणत, ‘काही नाही, साधी सर्दी आहे.’ ती ऐकायची सर्दी आणि बघायची चेहरा. कोण उद्यापर्यंत थांबू शकेल आणि कोणाला आत्ताच आत सोडायला हवं, हे तिला बहुतेक वेळा बरोबर कळायचं. डॉक्टर बदलले, कॉम्प्युटर बदलले, काचही एकदा बदलली. ती मात्र रिटायर होईपर्यंत तिथेच राहिली.

त्या काचेपलीकडूनच एमिने आली. सायप्रसची तुर्की बाई, नवरा गेलेला, सिटी रोडवर मिठाईचं लहानसं दुकान. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी यायची आणि ईदनंतर सर्जरीतल्या सगळ्यांसाठी बाकलाव्याचा डबा ठेवून जायची. पहिला तुकडा खाल्ला तेव्हा सुलक्षणा काउंटरवर उभी होती आणि समोर रांग होती. दातांखाली पदर मोडले. वेगळं पीठ, वेगळं तूप, भलताच सुकामेवा, तरी आत कुठेतरी ठाण्याची कढई चुरचुरली. तिने पुढच्या पेशंटला दोनदा जन्मतारीख विचारली.

“मला शिकवाल?” तिने एमिनेला विचारलं.

“तू मला काय शिकवशील?” एमिने म्हणाली. तिला फुकट काही घ्यायला आवडत नसे आणि द्यायला तर त्याहून नाही.

मग एका रविवारी दुकानाच्या मागच्या स्वयंपाकघरात सुलक्षणाने खाजाचे कानवले तळले आणि पुढच्या रविवारी एमिनेने बाकलावा लावला. कागदाहून पातळ पापुद्रे, प्रत्येकावर तुपाचा हात, मध्ये अक्रोडाचा भरड चुरा, वर पुन्हा पापुद्रे. भाजायच्या आधीच सुरीने शंकरपाळ्यांसारखे काप. त्याच्या पुढच्या रविवारी सुलक्षणाने स्वतः केला आणि भाजलेल्या गरम ट्रेवर गरम पाक ओतला. गुलाबजाम करणारी कुणीही मराठी बाई तेच करेल. पदर बसले. सगळा ट्रे लगदा झाला.

एमिनेने चमच्याने खाऊन बघितलं. “खीर छान झालीये,” ती म्हणाली. “आता बाकलावा कधी करतेस?”

ट्रे गरम तर पाक गार. एवढंच शास्त्र. आणि पाक ओतताना कान द्यायचा. “बोलला पाहिजे,” एमिने सांगायची. ट्रेवरून चर्र करत आवाज गेला, आधी मोठा, मग बारीक, मग तळाशी कुजबुजल्यासारखा, की समजायचं पाक सगळ्या पदरांतून खाली पोचला.

एका गोष्टीत मात्र सुलक्षणाने एमिनेचं ऐकलं नाही. एमिने मध साखरेबरोबर उकळायची. सुलक्षणाच्या आईचा दंडक होता, मध चुलीवर चढवायचा नाही, आणि तुपाइतकाच मध कधी घालायचा नाही, विष होतं. सुलक्षणाने सायन्सची पदवी घेतली होती, नवरा डॉक्टर होता, आणि तरीही उकळत्या पातेल्यात मध ओतायला तिचा हात धजेना. पाक पूर्ण गार झाल्यावर ती त्यात मध कालवायची, तुपापेक्षा कमी. एमिनेने त्याला आधी नाक मुरडलं. मग दोन तुकडे खाल्ले. मग तिसरा पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून खिशात टाकला आणि विषयच बदलला.

पुढे एमिने दुकान विकून बहिणीकडे सायप्रसला परत गेली. बाकलावा सुलक्षणाकडे राहिला.

तो गणपतीपुढे आला तो मोदकांच्या पायी. एका वर्षी बायकांनी हॉलच्या किचनमध्ये उकडीचे मोदक करायचं मनावर घेतलं. मोदकपात्रांतून वाफ निघाली, छताला गेली आणि फायर अलार्म झाला. आरती अर्धी टाकून सगळे भरजरी कपड्यांत कार पार्कमध्ये उभे राहिले. अग्निशमन दलाची माणसं आत जाऊन आली आणि त्यांच्यातला एक जण हातात मोदक धरून अत्यंत गंभीरपणे म्हणाला, आग सापडली नाही, हे सापडलं. पुढच्या वर्षी हॉलवाल्यांनी बजावलं की वाफेचं काहीही करायचं नाही.

“मग मी बाकलावा करते,” सुलक्षणा म्हणाली. “घरून करून आणता येतो, दोन दिवस टिकतो, गरम करावा लागत नाही.”

“तुर्कांचा पदार्थ गणपतीला?” जयंत मोकाशींनी भुवया उंचावल्या.

“चतुर्थीच्या उपासाला बटाटा खाता ना? तो काय मोकाशींच्या परसात उगवला होता आधी?”

ठराव तिथेच मंजूर झाला.

तेव्हापासून दर वर्षी तोच नैवेद्य. आरती झाली की ती चिमटा घेऊन ट्रेमागे उभी राहायची आणि पहिला घास घेणाऱ्याकडे बघायची. पहिला घास घेताना माणसाला खोटं वागायला सवड नसते. डोळे आधी कबूल करतात, तोंड मागून बोलतं. नाक गेल्यानंतर हे बघणं तिच्यासाठी वेगळंच झालं. लोकांचे चेहरे हीच तिची जीभ झाली. रंगावरून ट्रे काढायचा, आवाजावरून पाक ओळखायचा, आणि झालं ते कसं झालं हे दुसऱ्यांच्या डोळ्यांतून प्यायचं. आणि नैवेद्य चाखायचाच नसल्यामुळे तिला कुणी ‘बघ गं जरा’ म्हणून तुकडा पुढे करत नसे. देवाच्या नियमाआड ती सुखरूप होती. निदान तिला तसं वाटत होतं.

राजीवला सगळं माहीत होतं.

नाक गेलं त्याच वसंतात एका दुपारी तो बागेतून आत आला तेव्हा पातेल्यातलं दूध करपून काळं झालं होतं, घरात जळका वास भरला होता, आणि सुलक्षणा शेजारच्या खोलीत स्वस्थ पेपर वाचत होती. “लक्षच नव्हतं,” ती म्हणाली. तो ‘बरं’ म्हणाला. पुढच्याच आठवड्यात त्याने गॅसची शेगडी काढून विजेची बसवली. आता सगळे हीच घेतात, म्हणाला. आणि त्या वर्षीच्या गणपतीला, ती सकाळी डोक्यावरून आंघोळीला गेलेली असताना, त्याने ट्रेवरचं फडकं उचललं, कोपऱ्यातला कडेचा तुकडा काढून खाल्ला, बाकीचे तुकडे बोटाने सरकवून फट बुजवली, आणि फडकं होतं तसं घातलं. बाकलावा उत्तम झाला होता. त्याला हायसं वाटलं. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा तेच केलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.

त्याचा देवावर फारसा विश्वास नव्हता. उष्टं-खरकटं त्याला कळत होतं ते फक्त तिच्यासाठी. देवाला उष्टं चढतं हे तिला समजलं तर काय होईल, हे त्याने मनात आणलं नाही. लोकांसमोर तिची फजिती होऊ नये एवढंच त्याने पाहिलं. एकदा नीनाने हळूच विचारलं, “भाऊजी, सुलक्षणाताईंना वास येतो ना हो? परवा कॉफी उतू जाऊन जळत होती आणि त्या तिथेच उभ्या होत्या.” तो म्हणाला, “येत नाही. पण तू विचारू नकोस तिला.” नीनाने विचारलं नाही. जयंतला तिने सांगितलं असेल किंवा त्याने आपणच ताडलं असेल.

या वर्षी शुक्रवारी राजीव दिवसभरासाठी मुलाकडे, मिहीरकडे, लंडनजवळ पिनरला गेला होता. सुलक्षणाने दुपारी ओव्हन लावला. नेहमी ती सिटी रोडवरून ताजे अक्रोड आणायची. या वेळी घरात होते. थंडीत भारतातून आलेल्या नणंदेने काश्मीर सहलीतले अक्रोड भरभरून आणले होते आणि ती पिशवी मागच्या काचेच्या खोलीतल्या कपाटात राहिली होती. अख्खा उन्हाळा त्या खोलीत ऊन तापत होतं. अक्रोड दिसायला सोनेरी होते. हातांना कोरडे लागले. तिने ते भरडले, पापुद्र्यांत भरले, रंग बघून ट्रे काढला. पाक ओतला तेव्हा आवाज अगदी मनासारखा गेला, मोठा, मग बारीक, मग तळाशी कुजबुज. ती बराच वेळ ओट्याला टेकून ऐकत उभी राहिली.

शनिवारी सकाळी ती आंघोळीला गेली आणि राजीवने फडकं उचललं.

पहिल्यांदा तूप आणि मध आले. मग अक्रोड दाताखाली आला आणि तोंडभर जुन्या तेलासारखी, बंद पेटीसारखी खवट चव पसरली. त्याने तो घास गिळला. दुसऱ्या कोपऱ्यातला तुकडा खाऊन बघितला. तोही तसाच. वर नळाचं पाणी पडत होतं. ती काहीतरी गुणगुणत होती.

त्याने फट बुजवली आणि फडकं घातलं.

हीथमधल्या घरून व्हिटचर्चच्या हॉलपर्यंत गाडीला फार वेळ लागत नाही. ट्रे मागच्या सीटवर होते, सुलक्षणा जांभळ्या इरकलीत, केसांत अबोलीसारख्या रंगाचं कापडी फूल.

“अहो, सिग्नल हिरवा झाला.”

“हो.”

“काय झालंय तुम्हाला? मिहीर काही बोलला का?”

“नाही. तो बराय.”

“मग असे का चालवताय, पेशंट न्यावा तसे?”

त्याने तोंड उघडलं. “सुलू,” तो म्हणाला. मग त्याने गिअर बदलला. “पार्किंग मिळेल ना?” त्याने विचारलं.

हॉलमध्ये मूर्तीमागे निळा पडदा लावला होता. सुलक्षणाने मोठा ट्रे मूर्तीपुढच्या पाटावर ठेवला, त्यावरचं पांढरं फडकं चारी बाजूंनी सारखं केलं, बाकीचे ट्रे लांब टेबलावर नेले. सुहासिनीताई खुर्चीत होत्या. सुलक्षणाने त्यांना वाकून नमस्कार केला आणि लगेच सरळ झाली. नागपूरहून नुकतीच नोकरीसाठी आलेली पूर्वी तिच्यामागे मागे फिरत होती.

“काकू, ट्रेनमध्ये मला एक जणी म्हणाली, कार्डिफला गेलीस तर टिपणीस काकूंचा बाकलावा खायचाच. मला शिकवाल का, प्लीज? मी नुसती मॅगीवर आहे.”

“शिकवीन की. आधी खाऊन तर बघ.”

“तुम्ही म्हणे चाखत पण नाही! मग कळतं कसं, गोड बरोबर झालं ते?”

“सवयीने,” सुलक्षणा म्हणाली.

राजीव किचनच्या दारातून हे ऐकत होता. नीना तबकात निरांजनं लावत होती. थोड्या वेळाने ही मुलगी तो तुकडा तोंडात टाकेल, आणि सुलक्षणा तिच्या डोळ्यांकडे बघत उभी असेल. कुणी काही बोलणार नाही. प्रसाद कुणी टाकत नाही, कुणी नाव ठेवत नाही. सगळे गिळतील आणि ‘अप्रतिम’ म्हणतील. आणि ती सगळ्यांचे चेहरे वाचेल.

“सुलू, जरा इकडे ये.”

ती पदराला हात पुसत आत आली. त्याने दार लोटलं.

“तो नैवेद्य ठेवू नकोस.”

“का?”

“अक्रोड खवट झालेत.”

तिने क्षणभर त्याच्याकडे बघितलं. “कुणी सांगितलं?”

“मी खाल्ला.”

“कधी खाल्लात? आत्ता?”

“सकाळी. तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा.”

हॉलमध्ये कुणीतरी पेटीचे सूर लावून बघत होतं. सुलक्षणा काचेमागे उभी राहायची तशी उभी राहिली, हात ओट्यावर, मान किंचित पुढे. राजीवच्या चेहऱ्यावरून तिची नजर हलली नाही.

“मागच्या वर्षी?”

त्याने मान हलवली.

“त्याच्या मागच्या?”

“पहिल्यापासून,” तो म्हणाला. “तुझं नाक गेलं तेव्हापासून.”

“हळू बोला.”

“त्यांना माहीत आहे, सुलू.”

“कुणाला?”

“नीनाला. जयंतला. अजून कुणाला असेल, मी विचारलं नाही. कुणी कधी वाईट हेतूने बोललं नाही.”

“नाहीच बोलणार,” ती म्हणाली. “म्हणजे इतकी वर्षं तोंडभर म्हणायचे, अप्रतिम झालाय, वहिनी, काय हात आहे...”

“खरंच चांगला व्हायचा. मी शपथेवर सांगतो. चांगला नसता तर मी आणूच दिला नसता.”

“मग चांगलं म्हणायचे ते माझ्या हाताला की तुमच्या जिभेला?”

त्याने खिशातली गाडीची किल्ली काढून हातात धरली.

“आणि तो बिचारा,” तिने दाराच्या दिशेने मान केली, “दर वर्षी तुमचं उष्टं जेवला.”

“मला तुझी काळजी होती.”

“ती करायचीत की. मला सांगून करायचीत.”

“तू तरी कुठे मला सांगितलंस?”

हे मात्र खरं होतं, आणि तिने ते नाकारलं नाही. दोघं समोरासमोर उभी राहिली. बंद ओव्हनच्या काचेत दोघांचीही आकृती अर्धीच दिसत होती. बाहेरून नीनाची हाक आली.

“सुलक्षणाताई! या ना, आरती सुरू करतोय.”

“मी सांगतो त्यांना,” राजीव म्हणाला. “ट्रे पडला म्हणून सांगतो. दिलगिरी मी व्यक्त करतो. तू आत बस हवं तर.”

‘बस’ हा शब्द ऐकला तेव्हा तिचे डोळे बदलले. तिने दार उघडलं.

माणसं उभी राहत होती, मुलांना पुढे ढकलत होती, झांजा वाटल्या जात होत्या. सुलक्षणा सगळ्यांमधून मूर्तीपर्यंत गेली. हात जोडले. मग पाटावरचा ट्रे दोन्ही हातांनी उचलला आणि मागे वळली.

“अहो ताई, कुठे नेता? नैवेद्य आहे तो,” नीना म्हणाली.

“वहिनी, आधी आरती, मग वाटप,” जयंत मोकाशी मागून म्हणाले आणि दोन-चार जण हसले. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला असावा, कारण ते थांबले. नीनाने राजीवकडे बघितलं. राजीवने मान खाली घातली. नीनाने झटकन गूळ-खोबऱ्याची वाटी उचलून पाटावर ठेवली आणि त्या एका हालचालीने ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही काहीतरी कळलं.

सुलक्षणाने ट्रे लांब टेबलाच्या मधोमध ठेवला. फडकं काढून त्याची घडी केली. पिस्त्याचा हिरवा चुरा, वर पाकाची चकाकी, सगळे काप एका मापाचे. कोपऱ्यात जरा फट होती. तिने ती बघितली. मग मधला एक तुकडा बोटांनी उचलला, आणि ज्या हॉलमध्ये तिने आजवर आरतीआधी पाण्याचा घोटही घेतला नव्हता तिथे, देवाच्या आणि सगळ्यांच्या देखत, तोंडात टाकला.

झांजा थांबल्या होत्या. ती सावकाश चावत होती. पदर मोडल्याचा आवाज पहिल्या ओळीपर्यंत गेला असेल. सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि त्यांतल्या कुणालाही तो वाचता येत नव्हता. पूर्वी हातातली कागदी प्लेट छातीशी धरून उभी होती. गोड लागलं. गोडच, आणखी काही नाही. मग अगदी शेवटी जिभेच्या मागच्या टोकाला बारीकसं कडू. तेवढं तिचं तिला कळलं. तिने ते पुरतं चावलं आणि गिळलं.

राजीव एक पाऊल पुढे आला, त्याच्या हातात गाडीची किल्ली होती. पूर्वीने टेबलावरून एक तुकडा उचलला, सुलक्षणाने तिचं मनगट धरलं आणि तो तुकडा हलकेच काढून ट्रेमध्ये परत ठेवला. मग बोटं पुसली. खुर्चीवरचा कोट घेतला, एका बाहीत हात घातला, दुसऱ्या बाहीत घातला. लोकांनी आपसूक वाट केली. ती सुहासिनीताईंच्या समोरून गेली, दार ढकललं आणि बाहेर पडली.